काकडी

सीएसटी रोडवर, पंक्चरवाला आणि सीटकव्हरवाला यांच्या मधे
मुस्तकीमभाईंचं दुकान : म्हणजे एक शटर, एक स्टूल
आणि वायरींचा गुंता, ज्यात फक्त त्यांनाच सगळं सापडतं.

म्हटलं, लॉक केल्यावर काचा आपोआप वर जायला हव्यात.
चारही.
"भूल जाते हो क्या, मॅडम?"
विसरत नाही हो. तोच तर त्रास आहे.
आठवत राहतं.

तीन मजले चढून, चपला काढून, कुकर लावून झाला
की आत कुणीतरी हळूच विचारतं : मागची डावी?
मग पुन्हा चपला, पुन्हा चोपन्न पायऱ्या.
काच बंदच असते. दरवेळी बंदच असते.
तिच्यात आपलंच घामेजलेलं तोंड दिसतं,
आणि वॉचमन बघून न बघितल्यासारखं करतो.

हे अण्णांकडून आलंय.
अण्णा बँकेत रोखपाल, पस्तीस वर्षं.
घराला कुलूप लावायचे आणि ओढून बघायचे. तीनदा.
एकदा कुलपासाठी, एकदा स्वतःसाठी,
तिसरं कशासाठी, ते कधी सांगितलं नाही.
आम्ही बहिणी जिन्यात पिशव्या धरून उभ्या,
तिकडे लग्नाचा मुहूर्त टळत चाललेला.

मुस्तकीमभाईंनी दाराचं अस्तर सोडवलं,
कोपरापर्यंत हात आत घातला, गुरांच्या डॉक्टरासारखा.
बाहेर आली गुलमोहोराची वाळकी पानं, पाच रुपयांचं नाणं,
आधीच्या मालकांपैकी कुणाचं तरी एक कानातलं.
"दो टाइप का आता है.
महंगेवाले में हाथ बीच में आया तो शीशा रुकता है."
फरक सातशेचा.
म्हटलं, गाडी माझी, हात माझा, मी कशाला मधे घालू?

ते वाद घालत बसले नाहीत.
समोरच्या सँडविचवाल्याकडून एक काकडी आणली,
स्वस्तातलं जोडलं, काकडी काचेच्या वाटेत धरली,
रिमोट दाबला.
काच घाईने नाही, रागाने नाही,
नुसती वर गेली.
अर्धी काकडी सीटवर पडली.
उरलेली त्यांनी मीठ लावून खाल्ली.

सातशे दिले.

पायऱ्या मात्र वाचल्या नाहीत.
आधी विचारायचे, मी लावली का?
आता विचारते, तिने लावली का?
आणि खाली उभी राहून चारही काचा वर जाताना बघते,
दूध उतू जाईल म्हणून बघत राहावं तशी.

मंगळवारी अण्णांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं.
ते मागे बसतात, डावीकडे. एसी सोसत नाही,
काच पूर्ण खाली, दारावर चार बोटं.
हल्ली फारसं बोलत नाहीत.
बसमध्ये बसावं तसे बसतात :
तिकीट काढलेलं आहे,
उतरायचं कुठे ते कंडक्टर सांगेल.

पंतनगरला परत आलो आणि फोन वाजला.
देशमाने. मार्चचं व्हाउचर सापडत नव्हतं.
बोलत बोलत उतरले, औषधांची पिशवी घेतली, दार लोटलं,
आणि चालता चालता, मागे न बघता, बटण दाबलं.
कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच
मला काहीही आठवलं नाही.

जिन्यापाशी पोचले तेव्हा मागून तो आवाज.
काचा वर जायचा आवाज मला पाठ होता.
हा वर गेला, अडला,
आणि खाली आला.

वळले.
तीन काचा बंद. चौथी उघडी.
दारावर चार बोटं, जशी होती तशीच.

देशमाने फोनमध्ये हॅलो हॅलो करत होते.
मी धावले, बोटं हातात घेतली, एकेक दाबून पाहिलं,
लागलं का, लागलं का, दहादा विचारलं.
अण्णा माझ्याकडे बघत होते,
हिशेबात चूक सापडलेल्या नव्या कारकुनाकडे बघावं तसे,
न ओरडता.

मग उतरले. सावकाश, दार धरून.
मी बटण दाबलं. काच गेली.
त्यांनी हँडल ओढलं.
एकदा.
दोनदा.
मग थांबले,
आणि मला जागा करून देत
जरा बाजूला सरकले.