आवेइरोच्या खाडीकाठी, वजनकाटा

बेल्मीरू काट्यावर उभा राहतो
पाय फाकून, कुणाचा हात न धरता,
जसा होडीत उभा राहत असेल.
एकाहत्तर किलो, चारशे.
मी वहीत लिहिते. देओलिंदा माझ्या खांद्यावरून वाचते,
दुकानदाराचा हिशेब तपासावा तशी.

पाण्याची गोळी आठ वाजता;
मग अकरापर्यंत तो न्हाणीघरापासून लांब जात नाही.
नाडीला लगाम घालणारी अर्धी, न्याहारीनंतर.
उरलेली अर्धी डबीत, उद्यासाठी.
"एवढ्या गोळ्या," तो म्हणतो, "आणि सगळ्या अळणी."

चाळीस वर्षं त्यानं खाडीचं पाणी
बोटभर उंचीनं या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवलं,
ऊन आणि उत्तरेचा वारा यांच्या हवाली केलं.
पाणी गेलं, मीठ राहिलं.
आता अंगातल्या आगरात
मीठ राहतं आणि पाणीही राहतं,
आणि हृदय, पोचे आलेली बादली,
उपसतं, सांडतं, पुन्हा वाकतं.
हे मी त्याला नीट समजावत होते, दवाखान्यातल्या शब्दांत.
त्यानं मध्येच तोडलं:
"मीठ मिठाला जागतं, पोरी.
जाईल तिथं पाणी बोलावून घेतं.
हे तू मला शिकवणार?"

शुक्रवार. त्र्याहत्तर किलो, दोनशे.
नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला
आणि तसाच राहिला,
चिखलात शेकाट्याचं पाऊल राहावं तसा.
रात्री चार उशा. पहाट खुर्चीत.
देओलिंदानं शपथ घेतली: सूप अळणी, पाव अळणी,
खारवलेला मासा तर नाताळपासून घरात नाही.
मग तिची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली.

खिशात खडे. मूठभर. जाड, करडे, जरा दमट.

तो भिंतीकडे बघत म्हणाला,
"खात नाही. नुसता हात घालतो."
बऱ्याच वेळानं:
"मग हात चाटतो."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं.
तिनं कोट पुन्हा खुंटीला लावला, बाही सरळ केली.
मी डॉक्टरांना फोन केला.
पाण्याची गोळी दुप्पट, तीन दिवस. सोमवारी रक्त,
पोटॅशियम बघायला.
मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं.

निघताना तिनं खडे कागदात बांधून माझ्या हातात दिले.
"टाकू नकोस हं. त्याच्या शेवटच्या हंगामाचं आहे."
रात्री घरी मी ते तोलून पाहिलं:
एकशे वीस ग्रॅम.
वहीत कुठल्या रकान्यात मांडावं, कळेना.

सोमवारी एकाहत्तर, आठशे.
घोट्याची हाडं पुन्हा दिसू लागलेली.
सुई टोचताना त्यानं विचारलं, कुठंय?
माझ्याकडे, म्हटलं.
"चुलीजवळ ठेव," तो म्हणाला. "ओल धरतं ते,"
आणि कापूस दाबत न्हाणीघराकडे गेला.