तेरा वर्षं, उणे पन्नासवर

काड्यापेटीएवढा स्टेनलेसचा तुकडा
व्हर्लीन केपर्स चिमट्याने उचलते.
चिठ्ठीवरचं अक्षर हॉइट पॅजेटचं,
तिरकं, जेवायला निघता निघता लिहिल्यासारखं.
हॉइट जाऊन चार वर्षं झाली.
त्याने आत कोंडलेलं मात्र
कामावर हजर राहिलं.

धाकटा हायड्रोजन तसा साधा पाहुणा.
अणूंच्या फटीफटीतून शिरतो,
नासधूस करतो, नाही असं नाही,
पण भट्टीत तापवलं की निमूट चालता होतो.
ड्यूटेरियम अंगाने दुप्पट, जरा रेंगाळतो,
जातो तोही.
तिसरा बसल्या जागी नाव बदलतो.
कधी, ते त्यालाही ठाऊक नसतं.
बारा वर्षांत ट्रिटियमचे निम्मे
हेलियम होऊन बसलेले,
कुणाशी देणं नाही, घेणं नाही,
दोन कणांच्या बांधावर जमून
बुडबुडा धरलेले.
भट्टी म्हणते, हे माझ्या हातचं नाही.

फ्रीझर एवढ्याचसाठी,
की नाव बदलण्याआधी कुणी निसटू नये.

बाहेर साउथ कॅरोलिनाची लाल माती,
पाइनच्या रांगा, रातकिड्यांचं दुपारीच सुरू झालेलं.
आत यंत्राचे दोन जबडे.

याच कांबीचा कोरा भाऊ
त्या वर्षी ओढला होता दोघांनी मिळून.
पाकाला तार यावी तसा लांबत गेला,
आणि हॉइट म्हणाला होता,
"बघ, तुटायलासुद्धा तयार नाही, माझ्या आईसारखा."

हा लांबला नाही.
आवाजही फार नाही,
नखाने टिचकी मारावी एवढा.
सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली कड:
खडीसाखर.
खडा न् खडा सुटा,
प्रत्येक खडा आपापल्या परीने धडधाकट.

व्हर्लीन आकडा लिहिते. निम्म्याहून कमी.
पुन्हा एकदा तपासते,
कारण हॉइटने तपासलं असतं.

मग फ्रीझरमधला दुसरा तुकडा.
चिठ्ठीवर तेच तिरकं अक्षर:
"हा आणखी बारा वर्षांनी. मी नसेन. घाई करू नका."
ती बोटांवर मोजते.
एकाहत्तर.
गुडघे आत्ताच कुरकुरतात.

खोडत काही नाही.
त्याच्या ओळीखाली, सरळ अक्षरात,
आज पाहिला, असं लिहून
दार लावते,
आणि रबराची कड नीट बसली ना
म्हणून तळव्याने एकदा दाबून बघते.