सहा केल्विनची खाच

इतवारीच्या सराफ्यात ढोमणेंनी विचारलं,
अंगठी की डोरलं?
म्हटलं, वितळवायचंय. ॲल्युमिनियमबरोबर. आणि टर्बियम.
तिसरा शब्द त्यांनी पावतीवर लिहिला नाही.
गुलाबी कागदात तीन ग्रॅमची पुडी बांधली
आणि माठातलं पाणी दिलं. बाहेर सेहेचाळीस होतं.

आता त्याचा हरभऱ्याएवढा दाणा
अमरावती रोडवरच्या आमच्या खोलीत
हेलियमच्या विहिरीत लटकतोय.

पंचकोनी फरशीनं खोली भरत नाही,
कुठलाही गवंडी सांगेल, फट राहतेच.
या दाण्यानं मात्र पाचाची शिस्त धरली आणि फट ठेवली नाही.
किंमत एवढीच की नक्षी पुन्हा येत नाही.
कितीही चाला, कालची गल्ली लागत नाही,
आणि तरी वाट चुकल्यासारखं होत नाही.

त्यात प्रत्येक टर्बियमला सुईचं टोक
आणि एकच हट्ट, शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं.
दोघांचं जमतं.
उके थर्मासमधून चहा ओततात:
"दोघं एकमेकाले पाठ करून बसले मॅडम,
त तिसऱ्यानं कोनाकडं पाठ कराव?"
एवढंच आहे, उके.
माझ्या प्रबंधाची दोनशे पानं एवढीच आहेत.

गरमीत निभून जातं. सगळेच थरथरत असतात,
कोण कुणाकडे वळलं, कोण बघतो?
थंडी चढली की प्रश्न येतो.
नऊ केल्विनला ते गोठतात,
रांग न लावता, तह न करता,
ज्याची मान जिथं होती तिथंच.

बर्डीजवळ शून्य मैलाचा दगड आहे, ऑटोवाला दहा मिनिटांत नेतो.
आमच्या शून्याला कुणी पोचत नाही.
दोनपर्यंत उतरतो, पुढं पंप नुसता धापा टाकतो.

काल उतरताना सहावर मी त्यांना तीन तास रोखलं होतं.
तेवढ्यात फुटाळ्यावर जाऊन आले. एकटीच.
कुणाला सांगितलं नाही.
मग दोनपर्यंत नेलं, आणि आज पहाटे
हळूहळू वर आणताना
सहापाशी रेघ खाली वाकली.
चिमूटभर. खाच.
इथं थांबलो होतो, एवढंच.

उके चष्मा पुसून बघतात. "हे मिटते का?"
मिटतं. नऊच्या वर नेलं की सगळं विसरतील.

बटणावर बोट आहे.
सातलाच पायऱ्यांवर ऊन आलंय.
ढोमणेंना एकदा विचारायचंय,
हे मोडीत दिलं तर घट किती धराल,
आणि ते तीन तास
कुणाच्या नावे.