सोंडेवरचे केस

भिंगाखाली आधी सोंड धरायची.
वरच्या अंगाला ब्रशसारखे केस असले तर नर,
सोंड लांब, गुळगुळीत असली तर मादी.
एवढंच. बाकी दोघं सारखीच,
गंजलेल्या खिळ्याच्या रंगाची,
पाठीवर काळे ठिपके, कुणी टाक झटकावा तसे.

आजच्या बादलीत एकेचाळीस.
नर बारा, माद्या एकोणतीस.
मी वहीत लिहिते. तोफज्जल बादली पालथी करतो,
आंबलेल्या खजुराचं पाणी वाळूत जिरतं,
आणि दर आठवड्याला म्हणतो तेच तो म्हणतो :
आमच्या जशोरला, मॅडम, थंडीत या झाडाचा रस काढतात.

झाकणाखाली टांगलेल्या पुडीतला वास
कारखान्यात बनतो, पण बोली नराची असते :
इथे खायला आहे, इथे आपली मंडळी आहेत, या.
इतकं साधं आमंत्रण.
मला कुणी असं बोलावलं तर मीही जाईन.
माद्या जास्त येतात, पोटात अंडी घेऊन.
साबणाच्या पाण्यात कुणालाच पोहता येत नाही.

अळीला पाय नसतात.
झाडाच्या आत जन्मते, झाडच खाते,
जायचं कुठे असतं तिला?
मग भूक सरली की खजुराच्याच धाग्यांचा कोष विणते,
हुफूफच्या बाजारात टोपल्या वळणाऱ्या बायकांनी
थांबून पाहावा असा.
पहिला कापला तेव्हा मी मोठ्यानं ‘वा’ म्हटलं होतं.
प्रयोगशाळेत सगळे वळून बघायला लागले.

आणि बाहेरून झाड हिरवंच.

दोन वर्षांपूर्वी जवाद कसीमहून आला,
गाडीच्या डिकीत घोंगडीखाली चार फुटवे,
सुक्करीचे, आईसाठी.
नाक्यावर कुणी विचारलं नाही.
तपासणीचा कागद नव्हता,
नाही हे मला माहीत होतं,
शिक्का मारणारी टेबलं माझ्या खोलीपासून तिसऱ्या दारात.
मी काय केलं? आळं केलं. पाणी घातलं.

परवा त्यांतल्या एकाच्या शेजारच्या जुन्या खोडात
सुई ठोकून कानाला यंत्र लावलं.
बंद दारामागे कुणी चोरून फुटाणे खावेत
तसा आवाज.
पुन्हा लावलं. पुन्हा तोच, सावकाश, कुणाची भीती नसलेला.

तोडणीच्या कागदावर रकाने असतात.
बागमालक : आईचं नाव.
निरीक्षक : माझं.
किडीचं कूळ. प्रादुर्भावाचं मूळ.
विचारू नये म्हणतात ती दोन्ही
तिथे शेजारी शेजारी.
कूळ मी झटकन लिहिलं, लॅटिनमध्ये.

सकाळी यंत्रवाले आले. आईनं त्यांना कॉफी दिली,
वेलची जास्त घातलेली.
करवत लागली तेव्हा ती आत गेली नाही,
खोडाचा वरचा तुकडा पडला, आतून ओला, आंबूस,
तेव्हाही नाही.
नंतर म्हणाली, तुझं ते भिंग दे.
चिमट्यात धरलेला भुंगा तिनं बराच वेळ न्याहाळला,
डोळा बारीक करून, चष्मा कपाळावर.
‘याला मिशा आहेत.’
जवाद मागेच उभा होता.
त्यानं हात ओठापर्यंत नेला,
आणि तसाच खाली घेतला.

कागद अजून माझ्या पिशवीत आहे.
संध्याकाळी उरलेल्या तीन फुटव्यांना
तोफज्जलनं नेहमीसारखं पाणी सोडलं.
मी त्याला थांबवलं नाही.