इथलं लाकूड

चार पोरं आली वर्कशॉपच्या दारात,
बुटांना बर्फ, मोज्यात बांधून आणलेली नाणी.
शाळेत आता एवढीच उरलीत. मे महिन्यात शाळाही बंद.
सगळ्यांत धाकटी, साल्वर, म्हणाली,
"रामूनेला द्यायला पेन करायचंय.
पण लाकूड इथलंच हवं, इंगिमुंडुर."

इथलंच.
मी खिडकीतून बाहेर पाहिलं.
डोंगर, गवत, मेंढ्या, समुद्र, पुन्हा डोंगर.
उभं म्हणावं असं काही असेल
तर तो विजेचा खांब.

बर्च आहे म्हणा, पलीकडच्या खाडीत,
कमरेएवढा, वाऱ्याला पाठ देऊन
साठ वर्षं वाकलेला.
वीतभर सरळ तुकडा मिळाला, लेथवर चढवला,
तर गाठीपाशी असा फुटला
की चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

चर्चच्या भिंतीलगत रोवनचं एकुलतं एक झाड.
त्याला लोखंड लावू नये, आई सांगायची.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.
तरी करवत घेऊन मी तिकडे गेलो नाही.

वडिलांच्या होडीची एक फळी होती,
ओकची, माशांच्या तेलाने काळी पडलेली.
हातात घेतली, हुंगली,
परत होती तिथे ठेवली.
कद्रूपणा म्हणा हवं तर.

मग राहिला किनारा,
आणि खडकांत अडकलेले ते राखाडी ओंडके,
जे कुणी लावले नाहीत, कुणी तोडले नाहीत,
आणि ज्यांच्यावरून गेल्या शंभर वर्षांत
दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

"हे कसलं झाड?" साल्वरने विचारलं.
लार्च, मी म्हणालो. सैबेरियातलं.
तिकडच्या नदीतून निसटलं, समुद्रात बर्फाने धरलं,
चार-पाच हिवाळे बर्फाबरोबर फिरलं,
बर्फ इथे वितळला म्हणून इथे उतरलं.
"म्हणजे इथलं नाही."

काय बोलणार?
माझ्या पणजोबाच्या घराचं आढं त्याचंच.
ती टेकून उभी होती ते दारही.
दारावर टिचकी मारून दाखवली तर तिने
दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जसं काही हे मी इतकी वर्षं
तिच्यापासून चोरून ठेवलं होतं.

खारवलेलं लाकूड पटाशी खातं.
दर दोन मिनिटांनी धार, पुन्हा धार.
वरचा राखाडी गेला आणि आत
चहात बुडवलेल्या साखरेचा रंग,
वर्तुळं इतकी दाट
की करंगळीच्या रुंदीत मी एकेचाळीस मोजली,
पुढे डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भुशाने.

रामूने लिथुआनियाची. बारा वर्षांपूर्वी
मासे गोठवण्याच्या कारखान्यात आली, कॉड सोलायला.
पहिला हिवाळा कुणाशी अक्षर बोलली नाही.
भाषा शिकली रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांवरून.
अजूनही वर्गात "वारा" म्हणाली
की पोरं नकळत खिडकीबाहेर बघतात.

शेवटच्या दिवशी केक होता, कॉफी होती,
पेन माझ्या बायकोच्या रुमालात गुंडाळलेलं,
आणि पोरांनी स्वतः लिहिलेलं कार्ड.
आमच्या भाषेत काही शब्दांना एक न,
काहींना दोन. कुठे किती,
हे सत्तर वर्षं इथे काढून
मला अजून धड जमत नाही.

रामूनेने पेन वासासाठी नाकाशी धरलं.
काही बोलली नाही.
कार्ड वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं,
टोपण काढून अंगठ्याच्या नखावर निब चालवून पाहिली
आणि पहिल्याच ओळीत
राहून गेलेला न घातला.

पोरं हसली. मीही.
साल्वर ओट्यावर चढून
ओल्या शाईवर फुंकर घालत राहिली.