गोलकी

शनिवारी रात्री मी वहीत रकाने आखते:
भाषा, गणित, परिसर, हस्तकला.
यंदा पाचवा आखला, वर लिहिलं "मित्र",
आणि पेनचं टोपण चावत बसले.

वल्लरी नऊ वर्षांची.
पंचगंगेतल्या पाचही नद्या ओळीनं सांगते,
गुप्त आहे ती सरस्वतीसुद्धा.
भाकरी मोडून अपूर्णांक समजावते.
पण जिन्यात कुणी भेटलं
की माझ्या ओढणीचं टोक धरते.
"कितवीला गं बाळ?"
ती माझ्याकडं बघते.
माझं उत्तर लांबलचक असतं,
जिना संपतो, उत्तर संपत नाही.

काय काय नाही केलं.
रविवारी रंकाळ्यावर नेलं. पोरं होती,
पण जो तो आपापल्या आईच्या हाताला.
वाढदिवस नसताना केक आणला,
खालच्या इंगवल्यांच्या जुळ्यांना बोलावलं.
जुळ्यांनी केक खाल्ला, टीव्ही बघितला,
"येतो हं काकू" म्हणून गेली.
चित्रकलेच्या क्लासात सगळीच
माना खाली घालून डोंगर रंगवत होती.
शिरोलीच्या फाउंड्रीतून नवरा आला,
बुटातली वाळू झटकत म्हणाला,
"मैत्रीला वेळापत्रक लावल्यावर कशी येईल ती?"
"मग तू शिकव," म्हटलं.
तो गप्प जेवला.

मग एका संध्याकाळी गंगावेशीत,
म्हशीपाशी, धारेच्या आवाजात,
दुधाची पांढरी मिशी आलेला एक पोरगा,
काखेत शिवण उसवलेला फुटबॉल.
"कुठल्या शाळंत हाईस?"
लांब उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं,
तेवढ्यात तीच म्हणाली, "घरी शिकते."
"म्हंजे आईच बाई?"
"हो."
"मारती काय?"
"नाही."
तो जरा विचारात पडला.
"मग मधल्या सुट्टीत डबा कुणासंगं खातीस?"

माझा पेला तोंडाशीच थांबला.
वल्लरी म्हणाली, "खिडकीसंगं."
त्यानं मान हलवली,
जणू खिडकी नावाची पोरगी त्याच्याही ओळखीची.
"आमचा गोलकी कागलला गेलाय, मामाकडं.
थांबतीस?"

तालमीच्या मागं, दोन विटा म्हणजे गोल.
मी स्कूटीच्या आरशातून बघत होते,
आरसाच नीट करतेय असं दाखवत.
पहिले तीन तिनं सोडले.
"अगं डोळं उघड की!" कुणीतरी ओरडलं.
चौथा थेट पोटात बसला.
ती मटकन खाली. बॉल सोडला नाही.
मी धावले असते,
पण सात पोरं आधी पोचली.

आता साडेपाचला खालून हाक येते,
"ए गोलकीऽऽ!"
नऊ महिने शोधून ठेवलेलं नाव
त्यांना एकदाही लागलं नाही.
कितवीला, हेही कुणी विचारत नाही.
डावा पाय का उजवा, एवढंच.

काल रडत वर आली.
बूट हातात, गुडघा खरचटलेला.
सोहेलशी कट्टी. कायमची.
मी पोटाशी धरलं,
आणि अंबाबाई, माफ कर मला,
आत काहीतरी हळूच टाळ्या वाजवत होतं:
कट्टी व्हायलाही आधी कुणीतरी लागतं.

रात्री पाचव्या रकान्यात
पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.
"आई, कट्टी किती दिवस असते?"
गणितात नाही. परिसरातही नाही.
मी काय सांगणार?
आमच्या वर्गातली मेहरुन्निसा बागवान,
तिच्याशी दहावीच्या सहलीत झालेली माझी
अजून सुटायची आहे.

"उद्या साडेपाचला कळेल," म्हटलं,
आणि गॅलरीत जाऊन
तिच्या बुटांतली माती झटकली.