कॉर्नेटवाल्याचा दात

मानवतच्या वरातीत
फटाक्यांच्या माळेला घोडी बिथरली,
मान झटकली तिनं
आणि सटवाजी हतागळेच्या ओठांवरचा कॉर्नेट
तोंडात घुसला, गाणं अर्ध्यात असताना.
नवरदेव पडला नाही. बँडही थांबला नाही म्हणे,
क्लॅरिनेटवाल्यानं पुढचं कडवं उचललं.

दुसऱ्या दिवशी गंगाखेडला, माझ्या खुर्चीत,
तोंडाशी रुमाल:
"मॅडम, त्यो तुमीच बशिवल्याला दात हाय.
दोन सीझनच्या सुपाऱ्या गेल्या व्हत्या त्याच्यात."

एक्स-रे खिडकीकडे धरला.
हाड शाबूत.
हाडात रोवलेला टायटॅनियमचा खुंटा जागचा ढळला नव्हता,
वरचा दात उडालेला,
आणि आतला स्क्रू मधोमध मोडून तिथंच अडकलेला.
शेजारचे दोघं, त्याचे जन्माचे,
मागं कललेले, डुगडुगणारे,
तरी जिवंत.

सांगितलं त्याला:
खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ पडदा असतो, केसाएवढा.
मार आला की दात त्यात जरासा सरतो,
परत येतो.
ह्याला तो पडदा नाही. ह्याला हाडानंच धरलंय.
हा उभा राहतो, नाहीतर मोडतो.

"म्हंजी आमच्या थोरल्यावानी," म्हणाला,
आणि हसताना ओठाची चीर पुन्हा उकलली.

शेजाऱ्यांना तारेनं बांधलं, चार आठवडे.
मग एका दुपारी
(लाइट दोनदा गेली, इन्व्हर्टर कण्हत होता)
भिंगातून बघत
मोडक्या तुकड्याला सुईच्या टोकानं उलटं फिरवत राहिले.
जोर केला तर आतले आटे जातात.
नाही केला तर तो ऐकत नाही.
एक तास वीस मिनिटं.
मग आपणहूनच वर आला,
ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा.
सटवाजीनं तो काडेपेटीत मागून घेतला.
कशाला, ते मी विचारलं नाही.

फुंकायचं नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत.
"तवर काय वाजवू?"
खुळखुळा, म्हणाले मी. चेष्टेनं.

आषाढातल्या शेवटच्या तिथीला
मोंढ्यासमोरून वरात चालली होती.
सगळ्यात मागच्या रांगेत तो,
लाल कोटात, गळ्याचं बटण लावलेलं,
खरंच खुळखुळा हलवत.
दवाखान्याकडे बघितलं नाही त्यानं.
उजव्या मुठीवरची तीन बोटं तेवढी
उचलत होती, पडत होती,
नसलेल्या कळांवर,
एकही सूर न चुकता.